नदीचा उतार विकणारं गाव

जुन्या गिरण्या नदीकाठीच का, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: पाणी लागायचं म्हणून. सूत धुवायला, कापड रंगवायला, माल होडीतून न्यायला. उत्तर चूक नाही, पण त्यात मुख्य गोष्ट राहून जाते. वाफेचं इंजिन स्वस्त होण्याआधी गिरणीवाल्याला नदीकडून पाण्याहून जास्त हवा होता तो उतार. संथ, भरलेली, दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी त्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. त्याला हवी होती अशी जागा, जिथे नदी थोड्याच अंतरात बरीच खाली उतरते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीवर अशी एक जागा आहे. पॉटकेट धबधबा म्हणतात तिला, पण डोळ्यांपुढे एकदम कोसळणारा धबधबा आणू नका. साधारण मैलभर लांबीचा खडकाळ पट्टा आहे, आणि त्यात नदी जवळपास ३२ फूट उतरते. तिथे पेनाकुक लोक पिढ्यान्‌पिढ्या सामन मासा धरत. नंतर गोऱ्यांची शेतं आली. आणि १८२०च्या दशकात त्याच शेतांवर लोवेल नावाचं गिरणगाव उभं राहिलं. सुरुवातीच्या औद्योगिक वस्त्यांची रचना समजून घ्यायची असेल तर मी लोवेलच निवडेन. कारण इथे नदीची ताकद मोजून, भाग पाडून, दर लावून विकली गेली आणि त्या व्यवहाराने गावाचा नकाशा आखला.

गंमत म्हणजे पहिला कालवा गिरण्यांसाठी खणलाच नव्हता. न्यू हॅम्पशायरच्या जंगलातलं लाकूड नदीने समुद्राकडे न्यायचं, तर मध्ये हा खडकाळ उतार आडवा येई. त्याला वळसा घालायला १७९२ साली एक कंपनी स्थापन झाली आणि तिने दीडेक मैलाचा पॉटकेट कालवा काढला. धंदा नीट बसायच्या आत, १८०३ साली, धबधब्याच्या वरूनच थेट बॉस्टनला जाणारा मिडलसेक्स कालवा सुरू झाला. लाकूड तिकडे वळलं. पॉटकेट कालव्याची कंपनी नावापुरती उरली आणि तिच्या शेअरना कुणी विचारीना.

इकडे बॉस्टनचे काही व्यापारी वेगळ्याच अडचणीत होते. त्यांच्यातला फ्रान्सिस कॅबट लोवेल इंग्लंडच्या दौऱ्यात तिथले यंत्रमाग नीट बघून आला होता. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला इंग्लंडमध्ये बंदी होती, म्हणून त्याने सगळं डोक्यात साठवून आणलं. पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने त्याने वॉल्थमला चार्ल्स नदीवर गिरणी काढली, जिथे कापसाच्या गाठीपासून कापडाच्या ताग्यापर्यंतचं सगळं काम एकाच छपराखाली होई. माल खपत होता, नफा येत होता, पण चार्ल्स नदीचा उतार तिथे तोकडा. आणखी गिरण्या चालवायला ताकदच उरत नव्हती. लोवेल १८१७ साली वारला. त्याच्या भागीदारांनी, म्हणजे नेथन ॲपलटन आणि पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन यांनी, मोठ्या उताराचा शोध चालू ठेवला. १८२१ मध्ये मेरिमॅकचा उतार हेरल्यावर त्यांनी गाजावाजा न करता त्या मरगळलेल्या कंपनीचे शेअर आणि आजूबाजूची शेतं विकत घेतली. शेतकऱ्यांना वाटलं, शेतजमीन विकली जातेय. घेणारे धबधबा घेत होते.

सप्टेंबर १८२३ मध्ये त्यांच्या नव्या मेरिमॅक कंपनीच्या गिरणीचं पहिलं पाणचक्र फिरलं. १८२६ मध्ये गावाला त्या दिवंगत भागीदाराचं नाव मिळालं. १८५० पर्यंत तिथली वस्ती ३३,०००च्या वर गेली होती.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नदी एक, गिरण्या अनेक. प्रत्येकीला किती पाणी द्यायचं आणि त्याचे पैसे कसे लावायचे? आज वीज मोजायला मीटर असतो, बिल युनिटवर येतं. १८२०च्या दशकात असं एकक कुठून आणायचं?

त्यांनी उत्तर काढलं ते खास व्यापारी डोक्याचं. वॉल्थमची दुसरी गिरणी व्यवस्थित चालत होती. तिच्यात ३,५८४ चात्या (सूत कातायच्या फिरत्या काड्या) होत्या आणि त्या सुताचं कापड करण्याइतके माग. ही एक अख्खी गिरणी चालवायला जेवढी ताकद लागते, तेवढं एक माप ठरवलं. त्याला आपण ‘गिरणीमाप’ म्हणू. पाण्याच्या भाषेत ते झालं ३० फूट उतारावर २५ क्युसेक.

क्युसेक हा शब्द दर पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत भेटतो: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. तेव्हा २५ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ७०० लिटर. वजनात सांगायचं तर दर सेकंदाला ७०० किलो ओझं ९ मीटर खाली उतरतंय. त्यातून मिळणारी ताकद भरते ८५ अश्वशक्तीच्या आसपास. पण लाकडी चाक सगळी पकडू शकत नाही. काही पाणी खाचांमधून आधीच सांडतं, काही घर्षणात जातं. शेवटी चाकाच्या फिरत्या दांड्यावर येते ती सुमारे ६० अश्वशक्ती.

दर होता चातीमागे ४ डॉलर, म्हणजे एका गिरणीमापाला १४,३३६ डॉलर, सोबत ४ एकर जमीन. त्यातले ५,००० डॉलर रोख न घेता त्यावर वर्षाला ३०० डॉलर भाडं चालू राही. हा हिशेब वाचताना मला दर वेळी मौज वाटते. पाण्याची किंमत ठरली ती पाणी मोजून नाही, तर त्यावर किती चात्या फिरतील हे बघून. घेणाराही सूतवाला, विकणाराही सूतवाला, त्यामुळे दोघांनाही भाव लगेच कळत होता.

विकण्याचं काम त्या जुन्याच कालवा कंपनीकडे आलं. १८२५ मध्ये तिची नव्याने रचना झाली आणि ती जमीन, पाण्याची ताकद आणि यंत्रं अशा तिन्ही गोष्टी पुरवू लागली. हळूहळू दहा मोठ्या कापड कंपन्या उभ्या राहिल्या. कागदावर सगळ्या वेगळ्या, पण बरेचसे मालक तेच.

कालव्यांची रचना बघितली की गावाचा नकाशा उलगडतो. काही गिरण्यांना सगळा ३० फुटांचा उतार एकदम मिळे. पण तेवढा उतार सगळीकडे देता येईना, म्हणून त्याचे दोन टप्पे केले: वरचा १३ फुटांचा, खालचा १७ फुटांचा. वरच्या कालव्यातून पाणी वरच्या गिरणीच्या चाकावर पडायचं, १३ फूट उतरून खालच्या कालव्यात यायचं. मग तेच पाणी खालच्या गिरणीत शिरून आणखी १७ फूट उतरायचं आणि नदीला मिळायचं. म्हणजे एकीचं सांडपाणी ते दुसरीचं भांडवल. उतार कमी मिळाला की तेवढ्याच ताकदीला पाणी जास्त लागतं, हे उघडच आहे. म्हणून १३ फुटांच्या टप्प्यावर एक गिरणीमाप म्हणजे ६०.५ क्युसेक, १७ फुटांच्या टप्प्यावर ४५.५ क्युसेक. गुणाकार करून पाहिलात तर तिन्ही आकडे जवळपास सारखेच निघतात.

गिरण्यांच्या इमारती लांबट, चिंचोळ्या, कालवा आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत ओळीने उभ्या दिसतात त्या यामुळेच. एका बाजूने पाणी आत घ्यायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं. चाक तळघरात. तिथून ताकद वरच्या मजल्यांवर न्यायची ती चामड्याच्या रुंद पट्ट्यांनी. इंग्लंडमध्ये यासाठी लोखंडी दांडे आणि दातेरी चक्रं वापरत. मूडीने १८२८ च्या सुमारास पट्टे बसवले, ते हलके आणि दुरुस्तीला सोपे. प्रत्येक मजल्यावर छताखाली एक लांब दांडा फिरत राही आणि त्यावरून एकेका साच्याला, म्हणजे यंत्राला, पट्टा उतरे. दांडा जितका लांब तितकी ताकद वाटेत खर्च होते, म्हणून इमारत आडवी वाढवण्याऐवजी मजले चढवले. रुंदी मात्र ४०-४५ फुटांच्या आसपासच, कारण उजेड खिडक्यांतूनच यायचा. जिने बाहेरच्या मनोऱ्यात काढले, म्हणजे आतली जागा साच्यांना मोकळी. जड पिंजणयंत्रं खालच्या मजल्यावर, त्यावर सूतकताई, त्यावर माग. कापूस तळाशी शिरायचा आणि चढत चढत कापड व्हायचा.

हा कापूस कुठून येई, तेही इथेच सांगायला हवं. दक्षिणेतल्या मळ्यांतून, गुलामांच्या हातून. लोवेलच्या काही गिरण्या जाडंभरडं स्वस्त कापड विणत आणि ते त्याच गुलामांच्या अंगावर घालायला परत दक्षिणेत जाई. ‘स्वच्छ पाण्यावर चालणारं आदर्श गिरणगाव’ अशी लोवेलची ख्याती परदेशी पाहुण्यांनी पसरवली, त्या वर्णनांत हा धागा सहसा सापडत नाही.

पाण्याचे भाग पाडले खरे, पण १८४०च्या दशकात भांडण उभं राहिलं. चांगल्या पाण्याच्या दिवसांत गिरण्या आपल्या वाट्याहून जास्त ओढू लागल्या. आता यात एक मेख आहे, जी पटकन लक्षात येत नाही. कालव्यातलं पाणी संथ असेल तर त्याची पातळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास सारखी राहते. सगळ्यांनी जास्त ओढलं की कालव्यातला प्रवाह वेगाने धावतो, काठाशी आणि तळाशी घासतो आणि पातळीला उतार पडतो. म्हणजे गिरणीच्या दारात पोचेपर्यंत एक-दोन फूट उंची वाटेतच गेलेली असते. उंची गेली की ताकद कमी. ताकद कमी पडली की गिरणीवाला दरवाजा आणखी उघडतो. मग प्रवाह आणखी धावतो. जास्त घ्यायला जाऊन सगळ्यांनाच कमी, असा तो फेरा.

यातून वाट काढली ती जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने. हा १८३३ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, इंग्लंडहून अमेरिकेत आला आणि १८३७ मध्ये कालवा कंपनीचा मुख्य इंजिनिअर झाला. त्याच्या देखरेखीखाली १८४६ ते १८४८ या काळात नॉर्दर्न कालवा काढला गेला. रुंद, खोल, नदीच्या बाजूने दगडी भिंत बांधून काढलेला. हेतू साधा: तेच पाणी मोठ्या वाटेने आलं तर हळू येईल, आणि हळू आलं तर उंची टिकेल.

दुसरं काम मोजणीचं. कुठली गिरणी किती पाणी घेते हे नक्की कळल्याशिवाय भांडण मिटणार कसं? फ्रान्सिसने केलेली युक्ती मला त्याच्या सगळ्या कामांत लाडकी आहे. गिरणीच्या तोंडाशी फळ्यांची सरळ, चौकोनी नाळ बांधायची. पत्र्याच्या लांब नळ्या घ्यायच्या आणि त्यांच्या बुडाशी शिसं भरायचं, म्हणजे त्या पाण्यात उभ्या तरंगतील: वरचं टोक जरासं बाहेर, खालचं टोक तळाला टेकता टेकता राहिलेलं. नळी सोडायची, दोन खुणांमधलं अंतर तिने किती सेकंदांत कापलं ते टिपायचं. पृष्ठभागावर पाणी जोरात धावतं, तळाशी रेंगाळतं. नुसतं लाकूड टाकलं तर फक्त वरचा वेग कळेल. नळी मात्र वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांच्या ओढीने चालते, त्यामुळे सरासरी आपोआप निघते. मधोमध एक, कडेला एक, अशा कितीतरी नळ्या सोडायच्या, वेगाला नाळेच्या छेदाने गुणायचं, की झाले क्युसेक. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १८५३ मध्ये नवे करार झाले तेव्हा नदीची सगळी ताकद सुमारे १३९ गिरणीमापं धरून वाटली गेली. त्यावर पाणी घेतलं तर जादा दर.

तिसरी सुधारणा चाकाची. जुन्या पाणचक्राचा एक मोठा दोष असा की पुरात नदीची पातळी चढली की फुगवटा मागे गिरणीत शिरतो, चाकाचा खालचा भाग पाण्यात बुडतो आणि ते अडखळत अडखळत थांबतं. म्हणजे नदीला सगळ्यात जास्त पाणी असतं तेव्हाच गिरणी बंद! १८४४ मध्ये युरायाह बॉयडनने ॲपलटन कंपनीसाठी टर्बाइन बसवलं. ते पाण्याखाली बुडूनही फिरतं. फुगवटा आला तर उतार घटेल तेवढीच ताकद कमी होते, काम थांबत नाही. शिवाय ते आकाराने लहान आणि पाण्याची ताकद जास्त पकडणारं. फ्रान्सिसने त्यावर काम करून, प्रयोग करून, पाणी बाहेरून आत घेणारं आपलं टर्बाइन घडवलं आणि सगळे आकडे १८५५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. आज जगभरच्या जलविद्युत केंद्रांत सर्वांत जास्त वापरलं जाणारं टर्बाइन त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

उन्हाळ्याचं काय? नदी आटली की करारातलं पाणी कागदावरच राहतं. त्यावर उपाय म्हणून १८४०च्या दशकाच्या मध्याला लोवेलच्या आणि खालच्या लॉरेन्स गावाच्या कंपन्यांनी मिळून वर न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसॉकीसारख्या सरोवरांच्या तोंडाचे बंधारे ताब्यात घेतले. पावसात अडवायचं, उन्हाळ्यात सोडायचं. पण सरोवराकाठच्या लोकांची कुरणं त्यापायी पाण्याखाली जात, आणि नफा मात्र दुसऱ्या राज्यात. १८५९ मध्ये तिथले काही जण पहारी घेऊन बंधारा फोडायलाच गेले. बंधारा टिकला. नदीतले मासे मात्र टिकले नाहीत; खालचे-वरचे बांध चढून येणं त्यांना जमेना.

फ्रान्सिसची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सोडवत नाही. कालवा म्हणजे नदीला गावात यायची उघडी वाट. मोठा पूर आला तर तो याच वाटेने घुसणार. म्हणून त्याने १८५० मध्ये पॉटकेट कालव्याच्या तोंडाशी सुमारे २५ फूट उंचीचा प्रचंड लाकडी दरवाजा एका लोखंडी कडीवर टांगून ठेवला. लोक हसले, ‘फ्रान्सिसचा खुळेपणा’ म्हणू लागले. एप्रिल १८५२ मध्ये मेरिमॅकला मोठा पूर आला. रात्री कडी छिन्नीने तोडली, दरवाजा खाली बसला आणि गाव वाचलं. १९३६ च्या पुरात तोच दरवाजा पुन्हा कामी आला.

या सगळ्यात माणसं कुठे होती? पाण्याची ताकद जिथे उतार तिथेच. ती उचलून शहरात नेता येत नाही. म्हणून माणसांनाच उताराकडे आणावं लागलं. कालवे खणायला १८२२ मध्ये आयरिश मजूर आले, बॉस्टनजवळून चालत. त्यांना राहायला कंपनीने काही बांधलं नाही. त्यांनी कालव्यालगत झोपड्या उभ्या केल्या. साच्यांवर मात्र आसपासच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली हव्या होत्या, आणि आई-वडील पोरींना परगावी पाठवणार तर राहण्याची चोख सोय लागणार. म्हणून गिरण्यांसमोर कंपनीची विटांची वसतिगृहं आली. प्रत्येकात देखरेखीला एक बाई, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं.

आणि घंटा. उठायची घंटा, दारात हजर व्हायची, जेवणाची, झोपायची. अख्ख्या इमारतीत एकच दांडा फिरतो म्हटल्यावर चाक सुरू झालं की सगळे साचे सुरू. कुणी दहा मिनिटं उशिरा आलेलं चालत नाही, म्हणून घंटेनंतर फाटक बंद. आठवड्याला साधारण ७३ तास काम. हातात रोख पगार, संध्याकाळी व्याख्यानं, मुलींनी स्वतः लिहून चालवलेलं मासिक, हे सगळं खरंच होतं. पण १८३४ मध्ये मजुरीत कपात जाहीर झाली तेव्हा शेकडो मुली साचे सोडून रस्त्यावर आल्या. १८३६ मध्ये राहण्या-जेवण्याचे पैसे वाढवल्यावर त्याहून जास्त जणी. दोन्ही घटना अशा काळातल्या, जेव्हा या बायकांना मताचा अधिकारही नव्हता. १८४५ मध्ये सारा बॅगलीसारख्या कामगार स्त्रियांनी दहा तासांच्या दिवसासाठी राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे साक्षी दिल्या. समितीने हात वर केले. मालकांनी मधल्या काळात साच्यांचा वेग वाढवला आणि एकेकीला जास्त माग दिले. मुली घरी परतू लागल्या आणि त्यांच्या जागी दुष्काळातून पळून आलेले आयरिश लोक आले, पुढे कॅनडातले फ्रेंच, मग ग्रीक, पोलिश.

वाफेने हा सगळा डाव फिरवला, पण एका रात्रीत नाही. रेल्वे १८३५ मध्येच गावात आली होती. कोळसा तिच्यावरून येऊ लागला, तशी इंजिनं आधी उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईला जोड म्हणून बसली आणि शतक संपेपर्यंत वाफेचा वाटा पाण्याहून मोठा झाला. कोळसा जहाजाने थेट दारात येत असेल तर नदीचा उतार कशाला हवा? समुद्राकाठच्या फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्डसारख्या गावांनी लोवेलला मागे टाकलं. नंतर विजेने ताकद तारेवरून नेता येऊ लागली आणि गिरण्या दक्षिणेत, कापसाच्या आणि स्वस्त मजुरीच्या जवळ गेल्या. १९२०च्या दशकापासून लोवेलच्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. काही गिरण्या पाडल्या, काही रिकाम्या राहिल्या.

१९७८ मध्ये या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. बूट मिल या जुन्या गिरणीत आता एका मजल्यावर जुने माग चालू करून दाखवतात; कानठळ्या बसतात म्हणून पाहणाऱ्यांना कानात बोळे देतात. कालव्यांत पाणी आहे, पण गिरण्यांच्या तोंडाशी ते काही करत नाही. नॉर्दर्न कालव्याचं पाणी मात्र अजून राबतं. त्याच्या खालच्या टोकाला १९८०च्या दशकात बांधलेलं जलविद्युत केंद्र आहे, आणि तिथली वीज तारांवरून लोवेलबाहेरही जाते.